आधी काढून ठेवलेली वाटी

जाहेदाला शहरातले आचारी नावापेक्षा हातानं जास्त ओळखत. "बायकांच्या बाजूला कोण आहे? ती बराबर हातवाली ना? मग काळजी सोडा," असं ते लग्नघरच्यांना सांगत. दोनशे बाया असोत की चारशे, नान-खलियाची देग, तो भलामोठा हंडा, जाहेदाकडं सोपवली की पहिल्या ताटात जेवढी लाल तर्री, तेवढीच शेवटच्या ताटात पडणार.

नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, हा तसा फसवा प्रकार. मटण शिजलं की सगळी चव आणि सगळा रंग तेलाबरोबर वर येऊन बसतो. वाढणारीनं सरळ वरून डाव घातला की पहिल्या दोन पंगती खूश आणि मागच्यांच्या वाट्याला फिकट पाणी. म्हणून जाहेदा देग उघडली की आधी सगळी तर्री एका पातेल्यात उतरवून घेई. मग प्रत्येक ताटात रस्सा, मटणाच्या दोन बोट्या आणि सर्वांत शेवटी अर्धा डाव तर्री. नगरसेवकाची बायको असो की नवरीच्या घरी फरशी पुसणारी, अर्धा डाव. एखादी म्हणायची, "और डालो ना खाला, हात क्यूं खींचतीं?"

"डालती ना अम्मा. लेकिन वो कोनेवाली तुम्हारी तरफ देखको बैठी है. उसकी नजर लगी तो मेरे कू बोलना नक्को."

पंगत हसायची. मागणारीही हसायची, पण तर्री काही वाढायची नाही.

ही रीत जाहेदा घरून शिकून आलेली नव्हती. तिचा नवरा नानच्या भट्टीवर कामाला होता. भट्टीच्या धुरानं त्याची छाती गेली आणि पाठोपाठ तोही गेला. तेव्हा मुलगा साकिब नऊ वर्षांचा होता, मुलगी कहकशा दीड. जहांगीरभाई नावाच्या आचाऱ्यानं, मयताच्या ओळखीखातर, तिला जनान्यात वाढायला बोलावलं. पहिल्याच दिवशी तिनं भसाभसा वरून वाढलं. शेवटच्या पंगतीला बसल्या त्या लग्नघरच्या राबत्या बाया, सकाळपासून लसूण सोलणाऱ्या. त्यांच्या ताटात पडलं पिवळं पाणी. त्यातली एक नुसती ताटाकडं आणि मग जाहेदाकडं बघत राहिली. जाहेदा मागं नळावर जाऊन रडली.

नळावर बानाबाई ताटं धूत होती. शेंद्र्याच्या पलीकडच्या एका धनगरवस्तीवरची बाई. मेंढरं विकून, पोराच्या कंपनीतल्या नोकरीमागं मुकुंदवाडीत राहायला आलेली. ती म्हणाली, "रडायलीस कशाला? आमचा म्हातारा मेंढरं हौदावर नेताना आधी दांडग्यांना काठी आडवी लावायचा. दांडगी आधी सुटली की पाणी गढूळ करून ठेवतेत. मागची लंगडी, गाभण, तशीच तोंड लावून माघारी येतेत. पाणी तेवढंच असतंय बाई. काठी कोण आडवी धरतंय, त्याच्यावर असतंय सगळं."

पुढच्या लग्नात जाहेदानं आधी तर्री उतरवली, आणि त्यातली पहिली वाटी भरून झाकून ठेवली, बानाबाईसाठी. कारण धुणारीची पंगत सगळ्यांच्या नंतर, दुपारी चारला. जी शेवटी जेवते तिचं आधी काढायचं, हा नियम मात्र जाहेदाचा स्वतःचा. तेव्हापासून वीस वर्षं दोघी नळामागं उलट्या घातलेल्या क्रेटवर एक ताट मधे ठेवून जेवत. बानाबाई नानचा तुकडा त्या वाटीत बुडवायची आणि म्हणायची, "तुझ्या हातचं खाऊन माझी सून मला नावं ठेवायलीय. म्हणती, आत्याबाईला आता आपलं कोरड्यास गोड लागंना."

वीस वर्षांत साकिब चितेगावच्या कंपनीत कायम झाला आणि कहकशा मराठी घेऊन एमएच्या पहिल्या वर्षाला गेली. फुफ्फी, म्हणजे जाहेदाची नणंद, हिणवायची, "मराठी पढ़को क्या करती? कीर्तन करती क्या?" कहकशा म्हणायची, "हौ, फुफ्फी. पहला कीर्तन तुम्हारे घर."

तिच्या सुकेशनी मॅडमनी त्या वर्षी वर्गाला एक काम दिलं होतं. प्रत्येकीनं एक शब्द घ्यायचा. त्याचा अर्थ, तो कुठून आला आणि आपल्या घरात तो कसा वापरतात, हे लिहायचं. कोशातलं चालेल, पण शेवटचं पान घरातलंच पाहिजे. कहकशाच्या वाट्याला शब्द आला 'विषमता'.

"अम्मी, अपने घर में इसको क्या बोलते?"

जाहेदा कांदे चिरत होती. "नहीं बोलते."

"कुछ तो बोलते होंगे."

"उपर-नीचे बोलते. और क्या."

कहकशानं मग कोशातलं वाचून दाखवलं. सम म्हणजे सपाट, सारखं. विषम म्हणजे जे सपाट नाही ते. आधी हा शब्द जमिनीसाठी, वाटेसाठी होता: खाचखळग्यांची वाट, चालताना ठेच लागेल अशी. मग तो आकड्यांना लागला, तापाला लागला आणि सगळ्यांत शेवटी माणसांना. "आणि आपलं बराबर, अम्मी, फारसीतून आलं. बर म्हणजे छाती. छातीला छाती लावून उभं राहिलेले, ते बराबर. मराठीत ते बरोबर झालं. म्हणून मराठीत 'माझ्याबरोबर बस' म्हणतात."

"चांगलंय," जाहेदा म्हणाली. तिला छातीची गोष्ट आवडली.

"अजून ऐक. मराठीत एक शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढायचं. एकाला तूप, दुसऱ्याला ताक. नुसत्या वाढण्यावरून लोकांनी असा शब्द केला."

जाहेदाची सुरी थांबली. "वाढण्यावरून?"

"वाढण्यावरून. म्हणजे हे तुझंच काम की गं."

शेवटचं पान कहकशानं त्याच संध्याकाळी लिहिलं. त्यात देग होती, तर्रीचं पातेलं होतं, मेंढरांचा हौद होता आणि झाकून ठेवलेली वाटी होती. 'हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही, कारण माझ्या आईनं तो देगेतच उतरवून ठेवला आहे,' असं शेवटचं वाक्य होतं. जाहेदानं ते दोनदा वाचून घेतलं. वर्गात वाचायची तारीख साकिबच्या लग्नानंतरची होती.

साकिबची सासुरवाडी तोलामोलाची, खरं तर तोलाच्या वरची. मुलीचे वडील ठेकेदार, दोन ट्रक, सिडकोत घर. वलीमा, म्हणजे निकाहनंतरचं जेवण, मुलाकडच्यांनी द्यायचा. जाहेदानं हॉल ठरवला, देग जहांगीरभाईंची. नणंद म्हणाली डिस्पोजलची ताटं आण, धुण्याची कटकट नको. जाहेदा विहिणीच्या विचारानं म्हणाली, "समधनीपुढं कागदाची ताटं? नक्को." चिनी मातीसारखी दिसणारी दीडशे ताटं तिनं भाड्यानं आणली आणि धुवायला दोन बाया लावल्या.

बानाबाईला आवतण तिनं एका लग्नात नळावरच दिलं. बानाबाईनं ओले हात पदराला पुसले, मग परत पुसले आणि मग कार्ड धरलं.

"धुवायला नाही हं. जेवायला यायचं. पहिल्या पंगतीला. माझ्या हातानं वाढणार."

"अगं, मला बसून जेवायला जमंल का? वीस वर्सात सवय गेली."

"जमेल. गप बसायचं आणि खायचं."

"मग सुनेला सांगते, त्या दिवशी भाकरीला माझं पीठ धरू नको म्हणून," बानाबाई म्हणाली आणि इतकी हसली की नळाखालचं ताट हातातून निसटलं.

वलीम्याच्या दिवशी ती साडेबारालाच आली. जांभळी साडी, नवीन, घडीच्या रेषा अजून मोडलेल्या नव्हत्या. जाहेदाच्या नव्या सुनेसाठी हिरव्या काचेच्या बांगड्यांचा जोड आणलेला. जाहेदानं तिला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, दारापासून चौथी. बानाबाई पाय पोटाशी घेऊन, शेजारणीला धक्का लागू नये अशी बसली. पुढं रिकामं ताट मांडलेलं.

त्याच वेळी जाहेदानं मागं जाऊन देग उघडली. तर्री उतरवताना डावा हात सवयीनं वाटीकडं गेला. तिनंच तो मागं घेतला. आज बाना पाहुणी. तिला पंगतीतच मिळणार. वाटी कशाला?

मग सगळं एकदम आलं. समधन चाळीस बाया आणते म्हणाली होती, दुसरी बस आली तेव्हा पंच्याऐंशी झाल्या. धुणाऱ्या दोघींपैकी एक आलीच नव्हती, तिचा फोन बंद. पुरुषांच्या बाजूनं साठ ताटं नेलेली परत आली नव्हती. समधनीची बहीण दाराशी उभी, अंगभर जरी, हातात पर्स, आणि बसायला जागा नाही. नणंद जाहेदाच्या कानाशी येऊन फुसफुसली, "मेहमान खड़े हैं. इज्जत का सवाल है. कुछ करो."

जाहेदानं पंगतीवरून नजर फिरवली. आतेबहिणी होत्या. शेजारणी होत्या. जहांगीरभाईंच्या दोन सुना होत्या, हातापायांनी धडधाकट. नजर त्या सगळ्यांवरून गेली आणि दारापासून चौथीवर येऊन थांबली.

"बाना," ती म्हणाली, "ताटं कमी पडायलीत. जरा बघतीस का?"

आवाज रोजचाच होता. वीस वर्षं हेच ती त्याच आवाजात म्हणत आली होती, आणि वीस वर्षं बानाबाई त्याला ओ देत आली होती. बानाबाईनं मान वर केली. एक क्षण तिला कळलंच नाही असं वाटलं. मग कळलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, स्वतःच्या पुढचं ताट पदरानं पुसलं आणि परत जागेवर ठेवलं.

"व्हय. बघते की."

समधनीची बहीण तिथं बसली. जांभळ्या साडीचा काष्टा खोचत बानाबाई मागच्या दारानं नळावर गेली. मिठाईची थाळी धरून उभ्या असलेल्या कहकशानं हे सगळं बघितलं. तिला वाटलं, अम्मी आत्ता हाक मारेल.

जाहेदानं हाक मारली नाही. ती वाढत होती. समधनीच्या पंगतीत तिनं हात आवरला नाही. पूर्ण डाव, कुणाकुणाला दोन. "वा, क्या हात है," समधन म्हणाली. जाहेदाचा चेहरा फुलला. पातेलं तिसऱ्या पंगतीच्या आधीच खरवडून झालं.

साडेचारला ती ताट घेऊन नळावर गेली. अर्धा नान होता, रस्सा पांढुरका, एक बोटी, ती हाडाची. बानाबाईची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. तिनं हात धुतले, क्रेटवर बसली, दोन घास खाल्ले.

"चांगलं झालंय," ती म्हणाली.

जाहेदानं तिथंच बसायला हवं होतं. पण आतून हाक आली, समधन निघाली होती. ती परत आली तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं होतं आणि बानाबाई गेली होती.

आठ दिवसांनी बायजीपुऱ्यात काम होतं. बानाबाई आली, वेळेवर, नेहमीसारखी. जाहेदानं तर्री उतरवली आणि पहिली वाटी भरून झाकून ठेवली, काठोकाठ, इतकी की झाकण तेलात बुडालं. चारला दोघी नळामागं बसल्या. बानाबाईनं कमरेला बांधलेलं फडकं सोडलं. भाकरी होती आणि ठेचा.

"हे काय गं? उपास आहे?"

"नाय. तेल सोसंना आता मला. वय झालं."

"मग नान तरी घे."

"भाकरच बरी लागती."

ती हसून बोलत होती, सुनेच्या कागाळ्या सांगत होती, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त ताट मधे नव्हतं. प्रत्येकीचं आपापल्या मांडीवर. दुधावर साय धरावी तशी वाटीत तर्री गोठली. पुढच्या कामावरही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. जाहेदा वाटी भरत राहिली आणि निघताना ती मोरीत ओतत राहिली.

एक दिवस तिनं कहकशाला विचारलं, "तू वो पढ़ी क्या? कॉलेज में?"

"अर्थ वाचला. कुठून आला ते वाचलं."

"आणि शेवटचं पान?"

कहकशा पुस्तकांवरची धूळ झटकत होती. "मॅडमना सांगितलं, वापर अजून लिहायचाय."

"लिखी थी ना तू?"

"फाड़ दी, अम्मी."

तिच्या बोलण्यात राग असता तर जाहेदा तिच्यावर ओरडली असती. माझं लग्नघर होतं, माझ्यावर काय बेतलं होतं ते तुला काय माहीत, असं म्हणाली असती. कहकशा नुसती धूळ झटकत राहिली.

शुक्रवारी जाहेदानं घरी खलिया केला. दोन माणसांपुरता, पण देगेसारखाच, सावकाश, सगळे मसाले स्वतः वाटून. तर्री भरपूर आली. तिनं स्टीलच्या डब्यात आधी तर्रीच भरली, मग बोट्या, मग रस्सा. चार नान फडक्यात बांधले आणि रिक्षानं मुकुंदवाडीला गेली. स्टेशनच्या अलीकडं बानाबाईची खोली होती. वाटेत तिनं काय बोलायचं ते घोकलं. मी चुकले. माझी नजर तुझ्यावरच थांबली, तीच चूक झाली. तू मला शिव्या दे, पण माझ्याबरोबर जेव. तिला वाटत होतं, बानाबाई एकदा कडाकडा भांडली की सुटले. बाया भांडतात, रडतात आणि मग चहा पितात.

बानाबाई दारातच दिसली. "अगंबाई, तू व्हय! ये ये." तिनं घाईनं आत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली.

"मी खाली बसते की."

"खाली कशाला? पहिल्यांदाच घरी आलीस. बस वर."

जाहेदा वर बसली. वीस वर्षांत ती बानाबाईपेक्षा उंच जागी कधी बसली नव्हती. डबा पुढं करत ती म्हणाली, "हे तुझ्यासाठी. बाना, मला तुला एक..."

"आत्याबाई, कोण आलंय?" म्हणत आतल्या दारातून सून आली. रत्नमाला. जाहेदाला तिचं नाव वीस वर्षांपासून माहीत होतं, तोंड आज दिसत होतं. बानाबाईनं ओळख करून दिली आणि रत्नमालानं डोक्यावरचा पदर सारखा करून जाहेदाच्या पायांना हात लावला.

"अगं, हे काय..." जाहेदा मागं सरकली.

"लावू द्या हो. तुमचं लई ऐकून हाय मी. त्या दिवशी आत्याबाईंचा तुम्ही एवढा मान केलात. चार दिवस त्याच गोष्टी सांगत होत्या. पहिल्या पंगतीत बसवलं म्हणे."

जाहेदानं बानाबाईकडं बघितलं. बानाबाईनं डबा उघडला होता. ती त्यातलं आपल्या पातेल्यात काढून घेत होती, मान खाली घालून, डाव डब्याच्या कडेवर निथळू देत.

"साडी भिजवून आल्या तवा मी म्हटलं, हे काय केलं, कुठं पडला का काय. तर म्हणाल्या, हात धुताना नळ फुटला." रत्नमाला हसली. "धांदरट हायेत. मी त्यांना म्हटलं होतं, मोठ्या लोकांचं लग्न, तिथं तुम्हाला कोण इचारतंय, धुवायला बसवतील. तर माझ्यावर चिडल्या. मग घरी आल्यावर मला म्हणाल्या, बघ, तू काय म्हणत होतीस."

बानाबाई रिकामा डबा घेऊन मोरीकडं गेली.

"राहू दे बाना, तो धुऊ नको," जाहेदा म्हणाली. "घरी धुते मी."

"असू दे. तेलकट हाय," मोरीतून उत्तर आलं.

राख आणि काथ्याचा आवाज सुरू झाला. जाहेदाला उठून जायचं होतं. डबा तिच्या हातातून हिसकावून घ्यायचा होता. रिक्षात घोकलेली वाक्यं तोंडाशी होती. पण समोर रत्नमाला चहाचा कप धरून उभी होती, कौतुकानं बघत, आणि त्यातलं एकही वाक्य उच्चारलं असतं तर बानाबाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेपुढं खोटी पडली असती.

"सांगा ना," रत्नमाला म्हणाली, "खरंच तुम्ही सोताच्या हातानं वाढलं त्यांना?"

मोरीतला आवाज थांबला.

"हो," जाहेदा म्हणाली. "दारापासून चौथी बसवली होती. मीच वाढलं."

"आन् तर्री?"

"पूर्ण डाव घातला," जाहेदा म्हणाली. "ती नको नको म्हणत होती."

मोरीत काथ्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.